अनुवादापलीकडचे : सत्यजित राय यांचे कलावंतविषयक माहितीपट

मराठीत ‘डॉक्युमेंटरी’साठी दोन शब्द रूढ आहेत : ‘अनुबोधपट’ आणि ‘माहितीपट’. पहिल्या शब्दात बोध देण्याची अपेक्षा आहे, दुसऱ्यात माहिती पुरविण्याची. दोन्ही शब्द या चित्रपटप्रकाराला एका सेवकाची भूमिका देतात. त्याने काही सांगावे, शिकवावे आणि बाजूला व्हावे. मराठी चित्रपटसमीक्षेने कथापटांच्या तुलनेत माहितीपटाकडे जे दुर्लक्ष केले, त्याचे एक कारण या नावांतच आहे. कारण माहिती हाच निकष मानला, तर कोणताही चरित्रात्मक माहितीपट चरित्रग्रंथापुढे तोकडा ठरतो. अर्ध्या तासाच्या चित्रपटात जेवढा तपशील मावतो, तेवढा एखाद्या कोशातील नोंदीतही मिळतो. तरीही काही माहितीपट पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटतात. त्यांतील माहिती एकदा समजल्यानंतरही ते का पाहावेत, हा प्रश्न मग महत्त्वाचा ठरतो.

कोलकात्याच्या सत्यजित राय यांनी केलेले चार कलावंतविषयक माहितीपट या प्रश्नाच्या विचारासाठी विशेष उपयुक्त आहेत : ‘रवींद्रनाथ टागोर’ (१९६१), ‘द इनर आय’ (१९७२), ‘बाला’ (१९७६) आणि ‘सुकुमार राय’ (१९८७). विषय अनुक्रमे एक कवी, एक चित्रकार, एक नर्तकी आणि एक विनोदी लेखक. या चारही चित्रपटांसमोर अशी एक गोष्ट उभी आहे, जी चित्रपटाच्या भाषेत जशीच्या तशी आणता येत नाही. कधी ती परभाषेत न उतरणारी कविता आहे, कधी दृष्टी गमावलेल्या माणसाचे पाहणे, कधी मैफलीच्या संथ कालगतीत उलगडणारा अभिनय, तर कधी निरर्थाचा खेळ. अनुवादकाला हा पेच नित्याचा आहे. राय यांच्या या चित्रपटांची योग्यता त्या पेचाला त्यांनी दिलेल्या उत्तरांवरून ठरवावी लागते, आणि ही उत्तरे सर्वत्र सारखीच समाधानकारक नाहीत.

या चित्रपटांची पार्श्वभूमी थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. कोलकात्यात १९४७ साली राय, चिदानंद दासगुप्त आदींनी ‘कलकत्ता फिल्म सोसायटी’ स्थापन केली. जागतिक चित्रपटांचा गंभीर अभ्यास हे तिचे उद्दिष्ट होते. पुढील वर्षी, १९४८ मध्ये, भारत सरकारने मुंबईत ‘फिल्म्स डिव्हिजन’ सुरू केले. २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन होईपर्यंत देशातील माहितीपटांची ही सर्वांत मोठी निर्मितिसंस्था होती. तिचे चित्रपट मुख्य चित्रपटाआधी दाखविणे चित्रपटगृहांना अनेक दशके बंधनकारक होते. एकच दृश्यमालिका ठेवून तिच्यावरील निवेदन वेगवेगळ्या भारतीय भाषांत ध्वनिमुद्रित करण्याची या संस्थेची पद्धत होती. या पद्धतीमागे एक न बोललेले गृहीतक होते : अर्थ निवेदनात असतो, दृश्य भाषानिरपेक्ष असते आणि निवेदनाची भाषा बदलल्याने अर्थ बदलत नाही. राय यांच्या चारपैकी पहिले दोन माहितीपट याच संस्थेसाठी केलेले आहेत. त्यांत हे गृहीतक हळूहळू डळमळीत होताना दिसते.

‘रवींद्रनाथ टागोर’ हा चोपन्न मिनिटांचा चित्रपट कवीच्या जन्मशताब्दीनिमित्त निर्माण झाला. निवेदन इंग्रजीत असून ते स्वतः राय यांच्याच आवाजात आहे. प्रारंभ मृत्यूने होतो. ७ ऑगस्ट १९४१ रोजी निघालेल्या अंत्ययात्रेची तत्कालीन चित्रफीत, कोलकात्याच्या रस्त्यांवरील अफाट गर्दी, आणि त्यानंतर मागे जाऊन शहराचा व ठाकूर घराण्याचा इतिहास. जुनी छायाचित्रे, हस्तलिखिते, रवींद्रनाथांची चित्रे, उपलब्ध चित्रफिती आणि बालपणातील काही प्रसंगांचे नटांकरवी केलेले पुनर्निर्माण अशी सामग्री येथे आहे. अखेर ‘सभ्यतार संकट’ या १९४१ मधील रवींद्रनाथांच्या अंतिम सार्वजनिक चिंतनाकडे चित्रपट येऊन पोहोचतो.

या चित्रपटातील सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट त्यात नसलेली आहे. कवीवरील या चित्रपटात कवितांचे इंग्रजी वाचन नाही. हे अनवधान नव्हे. उपलब्ध इंग्रजी अनुवाद ऐकून परभाषिक श्रोत्याला रवींद्रनाथ मोठे कवी वाटणार नाहीत, अशी राय यांची धारणा होती आणि ती त्यांनी स्पष्टपणे व्यक्तही केली होती. या निर्णयामागे अर्धशतकाचा वाङ्मयीन इतिहास आहे. १९१२ साली इंग्रजी ‘गीतांजली’ प्रसिद्ध झाली, १९१३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हा अनुवाद स्वतः कवीने गद्यात केलेला होता. मूळ बंगालीतील छंद, यमक आणि गेयता त्यात नव्हती. पुढे इंग्रजी वाचकांत रवींद्रनाथांची प्रतिष्ठा जी ओसरली, तिचे एक कारण या आणि यानंतरच्या अनुवादांत शोधले जाते. ज्या अनुवादांनी कवीला जगापुढे नेले, त्यांनीच त्याच्याविषयी अपुरी समजूत निर्माण केली. शताब्दीच्या वर्षी त्याच अनुवादांची उजळणी करण्यास राय यांनी नकार दिला.

मराठी वाचकाला या संदर्भात पु. ल. देशपांडे यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. पन्नाशीच्या सुमारास पुलं बंगाली शिकण्यासाठी शांतिनिकेतनात राहिले. ‘वंगचित्रे’ हे त्या अनुभवाचे फळ, आणि रवींद्रनाथांवरील त्यांची व्याख्यानेही याच ओढीतून आलेली. अनुवादाने भागत नाही, हे ओळखल्यावर एकाने मूळ भाषेपर्यंतची वाट चालणे पसंत केले, दुसऱ्याने दोषी अनुवाद न वापरता ती जागा मोकळी ठेवली. दोन्ही कृतींमागील जाण एकच आहे.

तथापि मोकळ्या सोडलेल्या जागेची किंमतही मोजावी लागते. कविता वगळल्यावर चित्रपटात उरतात ते शिक्षणतज्ज्ञ, देशभक्त, विश्वप्रवासी आणि ऋषितुल्य रवींद्रनाथ. परभाषिक प्रेक्षकाला या माणसाचे मोठेपण सांगितले जाते. ते त्याच्या शब्दांतून अनुभवाला येत नाही. शिवाय शासकीय शताब्दीपटाच्या मर्यादाही जाणवतात. १८८४ मधील कादंबरीदेवींची आत्महत्या आणि कवीच्या जीवनावर पडलेली तिची सावली या प्रदेशात चित्रपट शिरत नाही. तीन वर्षांनी, १९६४ मध्ये, राय यांनी रवींद्रनाथांच्या ‘नष्टनीड’वर ‘चारुलता’ केला. या कथेचा संबंध अनेक वाचकांनी कादंबरीदेवींशी जोडलेला आहे. चरित्रपटाने जे टाळले, ते कथापटात आडवळणाने आले असे म्हणता येईल. शताब्दीच्याच वर्षी रवींद्रनाथांच्या तीन कथांवर केलेला ‘तीन कन्या’ही या दृष्टीने महत्त्वाचा आहे. १९६१ मधील या दोन चित्रपटांतून एक संपूर्ण रवींद्रनाथ उभा करण्याचा प्रयत्न दिसतो : एकात माणूस, दुसऱ्यात त्याची वाणी. एकटा माहितीपट पाहणाऱ्याला अर्धाच भाग मिळतो.

‘द इनर आय’मध्ये मात्र अभावालाच चित्रपटाचा विषय केलेला आहे. विनोदबिहारी मुखर्जी (१९०४–१९८०) हे मूळचे कोलकात्याच्या बेहाला भागातील. जन्मापासून एका डोळ्याने त्यांना दिसत नव्हते आणि दुसऱ्याची दृष्टी अत्यंत क्षीण होती. तरीही ते नंदलाल बसूंचे शिष्य व पुढे कलाभवनातील शिक्षक झाले. शांतिनिकेतनातील हिंदी भवनाच्या भिंतींवर १९४६–४७ मध्ये त्यांनी मध्ययुगीन संतांच्या जीवनावर रंगविलेले भित्तिचित्र आधुनिक भारतीय कलेतील महत्त्वाचे काम मानले जाते. पुढे पन्नाशी गाठण्याच्या सुमारास, एका शस्त्रक्रियेनंतर, त्यांची उरलेली दृष्टीही गेली. त्यानंतरही रेखाटने, कागद कापून केलेली चिकटचित्रे, मातीच्या लहान आकृती आणि टाइल्सचे भित्तिचित्र अशी त्यांची निर्मिती चालूच राहिली. १९४० ते ४२ या काळात राय कलाभवनात त्यांचे विद्यार्थी होते.

या वीस मिनिटांच्या चित्रपटाचा विषय वरवर पाहता करुणेला आमंत्रण देणारा आहे. अंध चित्रकार, त्याची जिद्द, त्याचा विजय असा सरधोपट आलेख सहज काढता आला असता. राय यांनी तो नाकारला. चित्रपट काम करणाऱ्या हातांपासून सुरू होतो. बोटे पृष्ठभाग चाचपतात, तुकडा उचलतात, जागा शोधतात. ज्या क्रियेला सामान्यतः डोळ्यांचे काम मानले जाते, ती येथे स्पर्शाच्या वेगाने घडताना दिसते, आणि प्रेक्षकालाही तिचे नवे वळण पत्करावे लागते. पुढे जुन्या भित्तिचित्रांवरून कॅमेरा सावकाश सरकतो, तेव्हा एक मार्मिक विपर्यास घडतो : चित्रे प्रेक्षकाला दिसत आहेत, ज्याने ती केली त्याला यापुढे ती दिसणार नाहीत. निवेदनाने हा विपर्यास उघड करून सांगितला असता तर तो भावविवश झाला असता. येथे तो केवळ दृश्यांच्या क्रमातून जाणवतो.

निवेदन याही चित्रपटात इंग्रजीत आणि राय यांच्याच आवाजात आहे, पण त्याची भूमिका बदललेली आहे. ‘रवींद्रनाथ टागोर’मध्ये ते घटनांचा अर्थ लावत होते, येथे ते चरित्राचा धागा जोडते आणि महत्त्वाच्या क्षणी मागे सरते. अखेरीस निखिल बॅनर्जींची सतार ऐकू येते, आणि अंधत्व ही एक नवी जाणीव, नवा अनुभव, अस्तित्वाची नवी अवस्था आहे, अशा आशयाचे विनोदबिहारींचेच म्हणणे समोर ठेवून चित्रपट थांबतो. येथे दिग्दर्शक निष्कर्ष काढत नाही. जे त्याला पाहता येत नाही, म्हणजेच न पाहण्याचा अनुभव, त्याबद्दल बोलण्याचा अधिकार तो ज्याचा अनुभव आहे त्याच्याकडे सोपवतो. परानुभवाचे चित्रण करणाऱ्या कोणत्याही लेखनाला, विशेषतः चरित्राला, यातून शिकण्यासारखे आहे.

‘बाला’ ही चौघांतील सर्वांत दुबळी कृती मानली जाते, आणि हा निर्णय मोठ्या प्रमाणात योग्य आहे. मात्र ती का अपुरी ठरली हे पाहणे तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने लाभदायक आहे. भरतनाट्यमच्या थोर नर्तकी बालासरस्वती (१९१८–१९८४) यांच्यावरील या चित्रपटाची निर्मिती मुंबईचे ‘राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्र’, म्हणजे एन.सी.पी.ए., आणि तमिळनाडू शासन यांनी केली. राय यांनी किशोरवयात कोलकात्यात बालासरस्वतींचे नृत्य पाहिले होते. चित्रीकरणाच्या वेळी त्यांचे वय अठ्ठावन्न होते. चित्रपटातील प्रसिद्ध प्रसंगात त्या उघड्या समुद्रकिनाऱ्यावर ‘कृष्णा नी बेगने बारो’ या पदावर अभिनय करतात. पद कन्नड, नर्तकीची परंपरा तमिळ, दिग्दर्शक बंगाली, निवेदन इंग्रजी आणि निर्मितिसंस्था मराठी मुलखातली. भारतीय साहित्याच्या बहुभाषिकतेचे याहून नेमके उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

अडचण अशी की, पदाभिनयाचे मर्म एकाच ओळीच्या पुनरावृत्तीत असते. ओळ तीच राहते आणि प्रत्येक आवर्तनात हावभावांतून तिचा नवा अर्थ लावला जातो. हा अर्थविस्तार मैफलीतल्या संथ कालगतीत उमलतो. सुमारे अर्ध्या तासाच्या चित्रपटाला तेवढा वेळ परवडत नाही. समुद्र आणि आकाश यांनी दिलेली विस्तीर्ण चौकटही मदत करीत नाही, कारण या कलेला लागते ती प्रेक्षकाशी जवळीक, चेहऱ्यावरच्या सूक्ष्म बदलांशी असलेला निकटचा संबंध. ‘द इनर आय’मध्ये दिग्दर्शकाने विषयाच्या गतीशी आपली गती जुळवून घेतली होती. ‘बाला’मध्ये ती जुळली नाही. असे असूनही, वार्धक्याकडे झुकलेल्या एका असामान्य कलावतीचे हात आणि डोळे येथे टिकून राहिले आहेत, आणि एवढ्यासाठी तरी हा चित्रपट पाहावाच लागतो.

‘सुकुमार राय’ हा पश्चिम बंगाल शासनासाठी केलेला चित्रपट वडिलांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी आला. १९८३ मधील हृदयविकाराच्या आघातानंतर राय यांचे काम मंदावले होते. ‘घरे बाइरे’नंतर त्यांनी हाती घेतलेली ही पहिलीच दिग्दर्शनकृती. सुकुमार राय यांचा मृत्यू १९२३ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी झाला, तेव्हा सत्यजित जेमतेम अडीच वर्षांचे होते. ‘आबोल ताबोल’ हा त्यांचा विख्यात कवितासंग्रह मृत्यूनंतर काही दिवसांनी प्रसिद्ध झाला. म्हणजे मुलाला वडील प्रत्यक्ष स्मृतीतून जवळजवळ मिळालेच नाहीत; ते मिळाले छापील पानांतून, रेखाटनांतून आणि ‘संदेश’च्या अंकांतून. कुटुंबाचा व्यवसायही मुद्रणाचाच होता. उपेंद्रकिशोरांनी हाफटोन मुद्रणात प्रयोग केले, सुकुमारांनी इंग्लंडला जाऊन त्याच तंत्राचे शिक्षण घेतले. कोलकात्यातील १०० गडपार रोड येथील घर आणि छापखाना ही या परंपरेची खूण. चित्रपट याच सामग्रीतून, छायाचित्रे, मुद्रिते, चित्रे आणि नाट्यप्रवेश यांतून, उभा केला आहे.

येथे एक महत्त्वाचा बदल घडतो. राय यांच्या माहितीपटांपैकी हा एकमेव बंगालीत आहे. निवेदन सौमित्र चटर्जी यांचे आहे. १९६१ मध्ये अनुवादाच्या भयाने जी कविता वगळली गेली, तिच्या जागी आता मूळ भाषेतील शब्द मनमोकळेपणे येतात. सुकुमारांच्या निरर्थकाव्यात अर्थापेक्षा नाद, शब्दांची मोडतोड आणि तर्काचा उलटा प्रवास महत्त्वाचा असतो, आणि अनुवादात पहिला बळी जातो तो नेमका त्यांचाच. म्हणून हा चित्रपट बंगाली न जाणणाऱ्या प्रेक्षकाला काही अंशी परका वाटतो. त्याला उपशीर्षकांचा आधार मिळतो, पण हसू उशिरा पोहोचते. मात्र हा परकेपणा प्रामाणिक आहे. रवींद्रनाथांवरील चित्रपट परक्याला आत घेण्यासाठी कवीचा आवाज बाहेर ठेवतो. सुकुमारांवरील चित्रपट कवीचा आवाज ठेवून परक्याला थोडे कष्ट करायला सांगतो. दुसरा मार्ग साहित्याला अधिक मानवणारा आहे. तो स्वीकारायला राय यांना सव्वीस वर्षे लागली, आणि केंद्रीय संस्थेऐवजी राज्य शासनाची निर्मिती असल्याने भाषानिवडीची मोकळीक वाढली असण्याची शक्यताही विचारात घ्यावी लागते.

या प्रवासाची तुलना ऋत्विक घटक यांच्या एका अपूर्ण चित्रपटाशी करणे उद्बोधक ठरेल. शिल्पकार रामकिंकर बैज (१९०६–१९८०) यांच्यावर घटकांनी १९७५ मध्ये शांतिनिकेतनात चित्रीकरण केले. फेब्रुवारी १९७६ मध्ये त्यांचे निधन झाल्याने काम अपुरे राहिले. येथे पडद्यामागून बोलणारा निवेदक चित्रपटावर सत्ता गाजवीत नाही. घटक स्वतः दृश्यचौकटीत येतात, शिल्पकाराशी बंगालीत गप्पा मारतात. घराचे छप्पर गळू लागल्यावर आपलीच तैलचित्रे वर लावल्याचे रामकिंकर सहजतेने सांगून जातात. राय यांची संयत बांधणी या चित्रपटात नाही, पण दोन माणसांमधले संभाषण आहे. राय आपल्या गुरूकडे आदराच्या अंतरावरून पाहतात, घटक त्या अंतराला जागाच देत नाहीत. ही दोन टोके एकाच दशकात, एकाच परिसरात, विनोदबिहारी आणि रामकिंकर या दोन सहकाऱ्यांच्या निमित्ताने दिसावीत, हे बंगाली माहितीपटाच्या समृद्धीचे लक्षण आहे.

याउलट लुई माल यांच्या ‘कलकत्ता’त (१९६९) शहराची भाषा न जाणणारा फ्रेंच दिग्दर्शक शहराकडे पाहतो. याच भारतभेटीतील चित्रीकरणातून त्यांची ‘फँटम इंडिया’ ही मालिका तयार झाली. तिच्या प्रसारणावरून भारत सरकार आणि बी.बी.सी. यांच्यात वाद होऊन १९७० मध्ये बी.बी.सी.चे दिल्ली कार्यालय बंद करावे लागले. माल यांनी आपले परकेपण लपविले नाही. पण ज्यांना ते पाहतात, त्यांच्यापैकी फार थोड्यांचे बोलणे प्रेक्षकापर्यंत पोहोचते. दृश्य भाषानिरपेक्ष असते, या गृहीतकाची मर्यादा येथे दुसऱ्या बाजूने सिद्ध होते.

मराठीच्या संदर्भात हा प्रश्न नारायण सुर्वे यांच्यावरील दोन चित्रपटांच्या निमित्ताने उपस्थित होतो. अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांचा ‘साचा’ (२००१) सुर्वे यांची कविता आणि सुधीर पटवर्धन यांची चित्रे यांना मुंबईच्या गिरणगावाच्या पार्श्वभूमीवर शेजारी ठेवतो. अरुण खोपकर यांचा ‘नारायण गंगाराम सुर्वे’ (२००२) कवीच्या जीवनाकडे आणि कवितेकडे एकत्र पाहतो. सुर्वे यांच्या कवितेची ताकद कामगारवस्तीच्या बोलीत आणि तिच्या लयीत आहे. ती प्रमाण इंग्रजीत सांगणे म्हणजे तिचा वर्गच बदलणे होय. त्यामुळे रवींद्रनाथांच्या बाबतीत जो प्रश्न काव्यगुणाचा होता, तो येथे सामाजिकही होतो. कवीला त्याच्याच भाषेत ऐकणे ही येथे सौंदर्यदृष्टीची गरज आहे आणि न्यायाचीही. मराठी साहित्यिकांवरील माहितीपटांचे मूल्यमापन करताना हा निकष फारसा वापरला गेलेला नाही.

या सर्व विवेचनावरून असे दिसते की, राय यांचे हे चित्रपट त्यांतील माहितीसाठी पाहण्याची आवश्यकता आज उरलेली नाही. ती अन्यत्र अधिक विस्ताराने उपलब्ध आहे. ते पाहावेत ते एका कलेने दुसऱ्या कलेसमोर काय करावे, कोठे बोलावे आणि कोठे थांबावे, याच्या चार वेगवेगळ्या निर्णयांसाठी. ‘द इनर आय’मध्ये हा निर्णय पूर्णत्वाला गेला आहे, ‘सुकुमार राय’मध्ये तो भाषेच्या बाजूने झाला आहे, ‘रवींद्रनाथ टागोर’मध्ये त्याची किंमत दिसते आणि ‘बाला’मध्ये त्याची चूक. तौलनिक साहित्याच्या अभ्यासक्रमात अनुवादमीमांसेच्या ग्रंथांबरोबर हे चारही चित्रपट, शक्यतो निर्मितिक्रमाने आणि ‘सुकुमार राय’ तर उपशीर्षकांसह व उपशीर्षकांविना असा दोनदा दाखविला गेल्यास, अनुवादात नेमके काय हरवते याची चर्चा विद्यार्थ्यांना अधिक प्रत्यक्ष आधारावर करता येईल.